बजरबट्टूचा कुबसा

जुळे सोलापूर
१८ जून २०२३

प्रिय श्री,

शाळेच्या मागची पाण्याची टाकी आठवते का तुला? नववीत असताना मधल्या सुट्टीत आपण दोघी तिच्या पायरीवरची हिरवी साय केसांच्या पिनेने खरवडत बसलो होतो आणि सिस्टर बर्नडेट मागून आल्या. आपल्याला वाटलं, आता हातावर पट्टी. त्यांना वाटलं, मुली पायरी साफ करताहेत. त्यांनी दोघींना लिमलेटची एकेक गोळी दिली आणि उरलेल्या पायऱ्याही करून टाका म्हणाल्या. तू गोळी गालात धरून कुजबुजलीस, "हे शेवाळ नाही गं, मॉस आहे." तुझं पुढचं सगळं आयुष्य तिथून सुरू झालं असं मला नेहमी वाटतं. माझी फक्त गोळी संपली.

सोबत कागदाची पुडी आहे. तू कॉलेजात शिकवली होतीस तशीच घडी घातली आहे. कुंभारीच्या शेतात मल्लेशच्या समाधीचा जो काळा दगड आहे, त्याच्या उत्तरेच्या अंगाला हे उगवलंय. आमच्यात माणसाला मातीतच बसवतात, आणि मल्लेशला आपल्याच शेतात बसायचं होतं. त्याला जाऊन चार वर्षं होतील. दगडावर असं काही आलेलं बघून मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

आता खरी बातमी. समाधीच्या शेजारच्या बजरबट्टूच्या शेंड्यातून फुलोऱ्याचा भाला निघालाय. हाच तो ताड, जो मल्लेशने कारवारकडच्या कामावरून परतताना पत्र्याच्या डब्यात घालून आणला होता. आमचा श्रीशैल तेव्हा रांगत होता. सोलापूरच्या उन्हात हे जगत नाही, असं मीच म्हटलं होतं. आज त्याच्या एका पानाखाली अख्खं घर जेवायला बसेल. आपल्या जिल्ह्यात असं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही.

पुढचं तुला सांगायला नको. आयुष्यात एकदाच फुलणार, वर्षभराने फळं पिकणार, मग उभ्याउभ्या वाळणार. मला त्याचा राग आलाय, श्री. इतकी वर्षं गप्प उभं होतं, आणखी थोडी राहायला काय झालं होतं?

श्रीशैल हैदराबादहून फोनवर म्हणतो, "वाळलं की कोसळेल आणि बाबांच्या दगडावरच पडेल, आत्ताच उतरवून घेऊ." मल्लेशची थोरली बहीण, आमच्या पार्वतम्माअक्का, नवरा गेल्यापासून माहेरीच असतात. शेत त्या आणि त्यांचा मुलगा गुरप्पा बघतात. त्यांचं म्हणणं वेगळंच. हा भुताचा ताड आहे, आणि तो फुलला की घरातलं माणूस नेतो.

मला ते झाड फळं पिकेपर्यंत उभं ठेवायचं आहे. त्याचं बी हातात यावं, एवढंच. सध्या मला दुसरं काही नको.

तुझी,
चंद्रिका

*

पुणे
१ जुलै २०२३

चंद्री,

पुडी मिळाली. बशीत ठेवून वर थेंब थेंब पाणी सोडलं आणि चहा गाळायला गेले. परत आले तर सगळं उघडून हिरवं झालेलं. उन्हाळाभर ते तुझ्या दगडावर मेल्यासारखं पडून होतं, मग टपालखात्याच्या तावडीत होतं, आणि एवढ्यात जिवंत. टोकं पांढरी, चांदीच्या वर्खासारखी. हे रुपेरी मॉस. दगडावरच्या काळ्या मातीच्या धुळीवरही त्याचं भागतं.

आपल्याला परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' यायचं ना, तसं करत बसले होते. तुझा ताड तीस-चाळीस वर्षं खोडात अन्न साठवतो आणि एका फुलोऱ्यात सगळं उधळतो. जगात कुठल्याच झाडाचा एवढा मोठा फुलोरा नाही. माझ्या मॉसला साठवायला जागाच नाही. मूळ नाही, फूल नाही, बी नाही. पाणी आलं की सगळ्या अंगाने प्यायचं, गेलं की मिटून पडायचं. उंची नखाएवढी. कुणाच्या चपलेला चिकटून तुकडा दुसरीकडे गेला तर तिथे सुरू. मार्क कुणाला जास्त द्यायचे ते तू ठरव. मी परीक्षक म्हणून पक्षपाती आहे.

झाडावर रागावू नकोस. श्रीशैल इंजिनिअर आहे, त्याला बी-बियाण्याचं सांगू नकोस. वाळल्यावर दोर लावून वरून तुकड्यातुकड्याने उतरवता येतं, हे सांग. अक्कांचं मात्र मला काही सुचत नाही.

फोन नको करूस. मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. कानात यंत्र घातलं की शेजारणीची भांडी तेवढी स्पष्ट ऐकू येतात. पत्रच लिही, आणि दर पत्रातून त्याच दगडावरचं चिमूटभर पाठव. पावसाळ्यानंतर ते कसं होतं ते मला बघायचंय.

श्री

*

जुळे सोलापूर
२४ सप्टेंबर २०२३

प्रिय श्री,

फुललं. शेंड्यावर साईच्या रंगाचा ढग येऊन बसावा तसं दिसतंय. खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज गिरणीसारखा येतो. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात. शेजारच्या कामगार वसाहतीतली पोरं फुलांच्या सड्यात लोळतात आणि आयांच्या शिव्या खातात.

श्रीशैल आला होता. झाडाखालीच बैठक झाली. जशी झाली तशी लिहिते.

अक्का म्हणाल्या, "मल्ल्या लावून गेला आन् ह्यो आता फुलतोय. कुनासाठी फुलतोय, सांग की."

"आत्या, तसं काही नसतं," श्रीशैल म्हणाला. "पण पडलं तर बाबांच्या दगडावर पडेल, हे खरंय."

"तू गप. दगड फुटला तर नवा आनता येतोय. मानूस कुटनं आनायचं?"

मी म्हटलं, "अक्का, वर्षभर थांबा. फक्त वर्षभर."

"आन् तवर घरात काय वाईट झालं तर?"

"तर तोडा. मी आड येणार नाही."

गुरप्पा म्हणाला, "मामी, वाईट म्हंजे केवढं? माझी म्हस आटलीय, ती धरायची का?"

अक्कांनी त्याला चप्पल दाखवली. पण शब्द मी दिला आणि त्यांनी घेतला. तू म्हणशील, काय हे, वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या बाईने असा सौदा करावा? दुसरा कुठला सौदा अक्कांना पटला नसता.

दगडावरचं मॉस जोरात आहे. पुडी ठेवली आहे.

तुझी,
चंद्रिका

*

पुणे
१५ ऑक्टोबर २०२३

चंद्री,

सौदा वाईट नाही. फक्त वर्षभर तुमच्याकडे कुणी शिंकायचं नाही, म्हणजे झालं.

पुडीतल्या मॉसला बारीक देठ आलेत, प्रत्येकाच्या टोकाला मोहरीहून लहान बोंडं. म्हणजे माझ्याही पेशंटला दिवस गेलेत. तुझ्याकडे मधमाश्या आणि गाड्या थांबवणारे लोक. माझ्याकडे मी आणि एक भिंग.

अक्षर तुझं या वेळी थोडं उतरतं आलंय. घाईत लिहिलंस का?

श्री

*

जुळे सोलापूर
२० जानेवारी २०२४

प्रिय श्री,

उशीर झाला, रागावू नकोस. सगळं ठीक आहे. संक्रांतीला अक्कांनी गुरप्पाच्या हाती बाजरीची भाकरी आणि शेंगापोळी पाठवली. ताडाला फळं धरलीत, हिरवी, अजून वाटाण्याएवढी. दर गुरुवारी कुंभारीला जाऊन येते. समाधीवरचं मॉस आता थंडीने मिटलंय, तरी चिमूटभर आणलं ते पाठवते.

तू जप.

चंद्रिका

*

पुणे
४ फेब्रुवारी २०२४

चंद्री,

हे समाधीवरचं मॉस नाही.

आधीच्या पुड्यांतलं मॉस रुपेरी होतं, बुडाशी काळी माती होती. या वेळच्याला चांदीचा मागमूस नाही. सुकलं की पानांच्या कडा आत वळून नळी होते आणि बुडाशी सिमेंटचे कण आहेत. हे मोरीच्या कडेला येतं, नाहीतर गळक्या टाकीखाली. तुझ्या मागच्या दारी धुण्याचा दगड आहे, तिथलं असावं.

दगडावरचं रुपेरी मॉस चार महिन्यांत असं बदलत नाही. म्हणजे तू कुंभारीला गेलेली नाहीस. कुंभारी तुझ्या घरापासून केवढी लांब आहे? रिक्षाने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येशील. तरी गेली नाहीस, आणि गेले असं लिहिलंस. तू सहसा खोटं लिहीत नाहीस, म्हणून मी फार घाबरले. तुझी फळांची हकिगत खरी असेल, गुरप्पाच्या फोनवरच्या फोटोंतून घेतलेली.

मला राहवलं नाही. काल श्रीशैलला मेसेज केला, की आईला घराबाहेर पडता येत नाहीसं दिसतंय, जाऊन बघ. तो आज निघतो म्हणाला.

तू रागावलीस तरी चालेल. काय झालंय ते लिही.

श्री

*

जुळे सोलापूर
६ एप्रिल २०२४

प्रिय श्री,

रागावले होते. म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आता लिहिते.

ऑक्टोबरात तपासणीत निघालं. रक्ताचा कर्करोग आहे. सावकाश वाढणारा आहे, पण बरा होणाऱ्यातला नाही. अधूनमधून रक्त भरून घ्यावं लागतं. वरच्या मजल्यावर ऋतुजा नावाची भाडेकरू मुलगी राहते, ती नेते आणि आणते. तिच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्याची भीती वाटत होती म्हणून नव्हे. अक्कांना दिलेला शब्द आठव. घरात काही वाईट झालं तर तोडा, असं मीच म्हटलं होतं. माझं दुखणं कळलं असतं त्याच दिवशी कोयता चालला असता, आणि फळं तेव्हा कुठे धरू लागली होती. तुला सांगितलं असतं तर तू श्रीशैलला कळवल्याशिवाय राहिली नसतीस. त्यातलं निम्मं तरी मी बरोबर ओळखलं होतं. मोरीवरच्या मॉसचं तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं तुझ्या पुड्यांच्या घड्या घालते, पण मला सगळं मॉस सारखंच दिसतं.

श्रीशैल आला, कपाटातली फाईल वाचली आणि सकाळी कुंभारीला गेला. गुरप्पाचा फोन आला, "मामी, माणसं दोर घेऊन वर चढलीत." ऋतुजाने रिक्षा बोलावली. तिथे मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"तू शब्द दिला होतास आई," श्रीशैल म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"दिला होता."

अक्का म्हणाल्या, "चंद्रव्वा, तू कशाला आलीस गं? तोंड बघ की, कनकेवानी पांढरं झालंय."

तेवढ्यात वरच्या माणसाने एक घोस छाटून खाली टाकला. हिरवी फळं, गोटीएवढी, घसघशीत. अक्कांनी एक उचललं, चोळलं, हुंगलं.

"ह्याला फळं धरत्यात?"

"हो अक्का."

"मला वाटलं निसताच मोहोर. वांझ फुलतंय आन् मरतंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की श्रीशैलशी मी दोरांबद्दल बोलले, तुझ्याशी शास्त्र बोलले, पण अक्कांना हे झाड कशाचं आहे ते कधी सांगितलंच नाही. घरात आम्ही त्याला मोठा ताडच म्हणायचो. मी म्हटलं, "अक्का, श्रीशैल लहान असताना दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही त्याच्या कमरेला काळा मणी बांधला होता."

"व्हय. बजरबट्टूचा. पंढरपुरास्नं आनलेला."

"तो मणी म्हणजे या फळातलं बी."

अक्कांनी फळ हातात फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ही त्याची आई व्हय?" आणि वर बघून ओरडल्या, "ए बाबा, उतर खाली. पोटुशी हाय ती. पोटुशीवर कोयता चालवतोस व्हय रं?"

श्रीशैल म्हणाला, "आत्या, तूच म्हणालीस, माणूस नेतो म्हणून. आणि आता आईला..."

"तुझ्या आईला झालंय ते झालंय. ते वाईटच हाय. पन ही बया आपल्या लेकरांपायी मरायला लागलीय. ती दुसऱ्याला कशाला नेईल? तिला सवड हाय का?"

माणसं उतरली. श्रीशैल माझ्या खुर्चीशी मातीत बसला. म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तोडलं असतंस."

"तोडलं असतं," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी अक्कांनी झाडाचा कुबसा केला. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात हिरवी चोळी देऊन ओटी भरतात, तो. खण खोडाला पुरेना, म्हणून गुरप्पाच्या बायकोचं हिरवं लुगडं गुंडाळलं. वसाहतीतल्या बायका आल्या, कन्नडात गाणी म्हटली, एकीने मराठीतलं डोहाळगीत म्हटलं, कुणाचं कुणाला जुळेना. झाडाला पाटावर बसवता येत नाही म्हणून त्याच्या जागी मला बसवलं. नारळ, खारका, हळकुंड, सगळं माझ्या पदरात. मल्लेश गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. अक्कांची तर त्याहून जुनी गोष्ट. एक बाई चाचरली, तर अक्का म्हणाल्या, "ओटी झाडाची हाय. तू भर."

आता बाळंत होईपर्यंत त्याला हात लावायची कुंभारीत कुणाची टाप नाही.

तर हे सगळं तुझ्या मेसेजमुळे झालं, आणि मी रागावलेली नाही. ये.

चंद्रिका

*

पुणे
१४ एप्रिल २०२४

चंद्री,

पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं, मॉस वाचता येतं म्हणजे तुलाही वाचता येतं. तू आजारी आहेस एवढंच मला दिसलं. ते कुणासाठी लपवत होतीस ते दिसलं नाही. झाड वाचलं ते अक्कांमुळे. माझ्यामुळे तर ते जाणारच होतं.

माझ्या मॉसचा कुबसा करता यायचा नाही. ते पोटुशी आहे हे भिंगाशिवाय कळत नाही, आणि त्याचे दिवस मोजायला कुणी अक्का नाही. पहिल्यांदाच मला तुझ्या ताडाचा हेवा वाटतोय. एवढं मोठं असलं की निदान लोकांना दिसतं तरी.

येत्या शनिवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, मला सोलापूर पाठ आहे. मी राहायला येते आहे, बघायला नव्हे. ऋतुजाला सांग की दवाखान्यात आता मी येईन, आणि डॉक्टरांना सांगून ठेव की मोठ्याने बोलावं लागेल.

श्री

*

जुळे सोलापूर
१० डिसेंबर २०२४

प्रिय श्री,

तू पुण्याला डोळ्याच्या शस्त्रक्रियेला गेलीस आणि घर मोकळं मोकळं वाटतंय. एप्रिल ते नोव्हेंबर तू इथे होतीस, रोज एका ताटात जेवलो, तरी पत्र लिहायला बसल्यावर वाटलं, इतके दिवस बोललोच नाही. तू गेल्यावर आठवड्याने फळं गळायला लागली. गुरप्पाने खाली गोणपाटं अंथरली आहेत. अक्का सकाळी खाटेवर बसून फळं ठेचून मणी काढतात आणि कुणी चुकीच्या टोपलीत टाकलं तर ओरडतात. पानं सगळी खाली लोंबलीत. खोड अजून उभं आहे.

गेल्या गुरुवारी श्रीशैलने मला गाडीतून नेलं. मी काचेतून बघितलं, उतरले नाही. डॉक्टर आता तारखा देत नाहीत. मी विचारतही नाही. तू जानेवारीत येशील तेव्हा मी असेन तर आपण दोघी हे बी वाटू. नसेन तर तुलाच करावं लागेल, म्हणून लिहून ठेवते.

वाळलेलं खोड पावसाआधी वरून तुकड्यातुकड्याने उतरवायचं. दोर कसे लावायचे ते श्रीशैलला कळतं. मला मल्लेशच्या डाव्या अंगाला बसवतील, अक्कांनी जागा दाखवून ठेवली आहे. दगड मोठा नको.

कॉलेजच्या बागेला भरपूर बी दे, आणि लावताना माळ्याला सांग की तीन-चार महिने वर काही दिसत नाही, तेव्हा उकरून बघू नको. विजापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेवाल्याने मागितलंय, त्यालाही दे. कुबशाला आलेल्या बायकांना एकेक मणी, भोक पाडून, काळ्या दोऱ्यात. ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना आधी. अक्कांचा वाटा अक्काच घेतील, तू द्यायला जाऊ नकोस, अपमान होईल. गुरप्पाला पत्र्याचा डबा हवाय, ज्यातून रोप आलं होतं. माळ्यावर आहे, गंजलाय.

ऋतुजा भाड्याच्या घरात राहते, तिला झाड काय देऊ? तिला माझी पुस्तकं दे आणि हिरवी इरकल साडी. नको म्हणेल, पिशवीत घालून दे.

तुझ्यासाठी दोन बिया वेगळ्या ठेवल्या आहेत. तू म्हणशील, या वयात हे लावून मी काय फुलोरा बघणार? मल्लेशनेही बघितला नाही.

आणि मूठभर श्रीशैलला दे. तो म्हणेल, हैदराबादेत फ्लॅटमध्ये कुठे लावू. वाद घालू नकोस. त्याच्या हातात ठेव आणि आत निघून ये.

चंद्रिका